रंगीत काचेचा इन्सुलेटर: घेण्याआधी आणि घेतल्यावर

जुन्या तारखांबांवर तार बांधायला बसवलेल्या, वीज खांबात उतरू न देणाऱ्या काचेच्या नगाला म्हणजे इन्सुलेटरला रंगामुळे भाव येतो, पण नुसत्या रंगावर तो ठरत नाही. घडण, काचेवर उठवलेली अक्षरे आणि रंग ही तिन्ही एकत्र पाहावी लागतात. हेमिंग्रे या अमेरिकी काच कंपनीचा ४२ क्रमांकाचा नग फिकट हिरवट-निळ्या रंगात भरपूर सापडतो. ही छटा वाळूतल्या लोहामुळे येते. तोच नग वेगळ्या रंगात निघाला, तर मात्र संग्राहक थांबून पाहतात.

घडण ओळखायला अमेरिकेतील संग्राहक सीडी (कन्सॉलिडेटेड डिझाइन) क्रमांक वापरतात. हेमिंग्रे ४२ म्हणजे सीडी १५४. हा क्रमांक फक्त आकाराचा; अक्षरे आणि रंग वेगळे नोंदवावे लागतात. नग उलटा करून आत बोट फिरवा. आटे नसतील, तर तो बहुधा जुन्या पद्धतीचा आहे, कारण आट्यांचे पेटंट लुई कोव्हे यांनी १८६५ मध्ये घेतले. काचेवर उठवलेली ‘२ मे १८९३’ ही तारीख मात्र कडेखालच्या पाणी निथळवणाऱ्या टोकांच्या पेटंटची आहे. तिला निर्मितीचे साल समजू नका.

सर्वाधिक फसगत जांभळ्यात होते. मँगनीज घातलेली बिनरंगी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की हलकी जांभळी होते. किरणोत्साराने हाच बदल झटपट आणि गडद घडवता येतो. मँगनीज नसलेली काच मात्र त्याने तपकिरी किंवा धुरकट होते. किरणोत्साराने आलेला रंग काचेच्या आरपार जात असल्याने टवक्यात पाहूनही कळत नाही. म्हणून त्या घडणीत आणि त्या अक्षरांसह तो रंग माहीत आहे का, हे आधी तपासा. तापवून खात्री करू नका, उष्णतेने अस्सल जांभळाही उडतो. वरून चढवलेला रंग पकडणे सोपे: टवक्यात खालची फिकी काच दिसते आणि आट्यांच्या खोबणीत रंग साचलेला असतो.

काजळी आणि गंज काढायला ऑक्झॅलिक आम्ल चालते. प्लास्टिकच्या बादलीत १ लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम घ्या, नग पूर्ण बुडवा, एक-दोन दिवस ठेवा. ते विषारी आहे: हातमोजे आणि चष्मा हवाच, भुकटी नाकात जाऊ देऊ नका, ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. नंतर भरपूर पाण्याने धुवा. जड पाण्यातला कॅल्शियम उरलेल्या आम्लाशी मिळून काचेवर पांढरट थर धरतो, म्हणून शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्याने करा. थंड नगावर उकळते पाणी ओतले तर तडा जातो.

पायरेक्स या काचेच्या ब्रँडचे इंद्रधनुषी झाक असलेले नग आम्लात टाकू नका, तारेच्या काथ्यानेही घासू नका. ती झाक पृष्ठभागावरचा पातळ थर आहे, गेली की परत येत नाही. साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे.

कडेखालची टोके सर्वांत आधी तुटतात. फळीवर रबराची पातळ चटई अंथरा, दोन नगांत बोटभर अंतर ठेवा. पाठवताना प्रत्येक नग वेगळा गुंडाळा, काचेवर काच आपटली की टवका उडतोच.

उभ्या खांबावरचा नग काढायला कुणीही चढू नये. तारा निकामी दिसल्या तरी त्यात वीज असू शकते, आणि खांबाला मालक असतो.