चिनी परंपरेतील रंगप्रतीके

चिनी संस्कृतीत रंगांना चिकटलेले अर्थ बऱ्याच अंशी ‘वू-शिंग’ म्हणजे पंचतत्त्वांच्या कल्पनेतून आले आहेत. लाकूड, अग्नी, माती, धातू व पाणी ही ती तत्त्वे. आपल्या पंचमहाभूतांशी त्यांची गल्लत करू नये. त्यांत वायू नाही आणि आकाशही नाही. लाकडाचा रंग निळा-हिरवा व दिशा पूर्व, अग्नीचा तांबडा व दक्षिण, धातूचा पांढरा व पश्चिम, पाण्याचा काळा व उत्तर. मातीचा पिवळा मध्यभागी. बीजिंगमध्ये मिंग राजवंशाच्या काळात (१३६८–१६४४) बांधलेल्या भूमी व धान्य देवतांच्या चौकोनी वेदीवर पाच रंगांची माती नेमकी याच मांडणीने पसरलेली आहे.

या मांडणीचा राजकारणातही उपयोग झाला. पाणी अग्नीला विझवते, आधीचा चौ राजवंश अग्नीचा, म्हणून इ. स. पू. २२१ मध्ये चीन एकछत्री करणाऱ्या छिन सम्राटाने पाणी हे तत्त्व आणि काळा रंग आपलासा केला. पुढे हान सम्राट वू याने इ. स. पू. १०४ मध्ये माती व पिवळा रंग स्वीकारला. मध्यभागाचा हा पिवळा कालांतराने सम्राटाचाच रंग ठरला. छिंग या शेवटच्या राजवंशाच्या काळात (१६४४–१९१२) गडद, झळझळीत पिवळा पोशाख सर्वसामान्यांना वर्ज्य होता. बीजिंगच्या राजवाड्याची छपरे पिवळ्या कौलांची आहेत, पण तिथल्या ग्रंथालयाची कौले मात्र काळी आहेत. काळा पाण्याचा रंग. पोथ्यांना आगीपासून राखायला तो बरा, असा हिशेब. बीजिंगमधल्याच स्वर्गमंदिराच्या प्रार्थनागृहाची तीन छपरे पूर्वी निळी, पिवळी व हिरवी होती. १७५१ मध्ये छिएनलुंग सम्राटाने ती सरसकट निळी, म्हणजे आकाशाच्या रंगाची करून घेतली.

तांबड्याचे मांगल्य सर्वपरिचित आहे: वधूचा पारंपरिक पोशाख, नववर्षाला दारावर लावायच्या लाल कागदावरील ओळी, मुलांना द्यायची पैशांची लाल पाकिटे. स्वतःच्या राशिप्राण्याचे, म्हणजे जन्मवर्षाच्या प्राण्याचे वर्ष दर बारा वर्षांनी येते व ते अडचणीचे मानतात, म्हणून त्या वर्षी लाल कमरपट्टा किंवा लाल अंतर्वस्त्रे वापरतात. पण जिवंत माणसाचे नाव लाल शाईने लिहिणे अशुभ मानले जाते. लाल म्हणजे शुभ, एवढ्यावर भागत नाही ते असे.

पांढरा शोकाचा रंग. मुळात तो ‘पांढरा’ म्हणून नव्हे, तर न रंगवलेल्या जाड्याभरड्या तागाच्या कापडाचा म्हणून आला. जुन्या शिष्टाचारात सुतकाच्या कपड्यांचे पाच दर्जे होते. नाते जितके जवळचे तितके कापड खरखरीत. बापासाठी मुलाने घालायच्या वस्त्राच्या कडा तर दुमडून शिवायच्याही नाहीत. मृताच्या घरी मदतीचे पैसे पांढऱ्या पाकिटात देतात, आणि सुतक असलेल्या घरी नववर्षाचे लाल कागद लागत नाहीत. माणूस पिकलेल्या वयात गेला, तर मात्र त्या मृत्यूला आनंदाची किनार असते. लग्न व अंत्यविधी यांना मिळून ‘लाल-पांढरी कार्ये’ म्हणतात ती याच समजुतीने.

बीजिंग संगीतनाट्यात नटाच्या रंगवलेल्या चेहऱ्यावरून पात्र ओळखू येते. निष्ठावान सेनापती ग्वान यू लाल, निःस्पृह न्यायाधीश बाओ काळा, कावेबाज त्साओ त्साओ पांढरा. इथे काळ्यात अशुभ काही नाही.

हिरवा रंग वसंताचा, पण पुरुषाने हिरवी टोपी घालणे म्हणजे बायकोच्या व्यभिचाराची जाहीर कबुली. मिंग काळात गणिकांच्या घरातील पुरुषांना हिरवे शिरवस्त्र सक्तीचे होते, त्याच्याशी या समजुतीचा संबंध जोडतात. पिवळ्याचीही आता वेगळीच गत झाली आहे: आजच्या बोलीत तो अश्लील साहित्याचा रंग आहे. शेअर बाजारात चीन व तैवानमध्ये भाव चढले की आकडे लाल आणि उतरले की हिरवे दिसतात. हाँगकाँगमध्ये याच्या नेमके उलट.