डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा

डेंग्यूचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरला की घरच्यांच्या जिवात जीव येतो. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तो दिलासा खराही ठरतो. पण ज्या थोड्यांचा आजार गंभीर व्हायचा असतो, त्यांचा तो नेमका याच सुमारास होतो. केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि पुढचे २४ ते ४८ तास रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपत राहतो. तो फुप्फुसांभोवती आणि पोटात साठतो. लाल पेशी वाहिन्यांतच राहत असल्यामुळे उरलेलं रक्त दाट होतं. हा दाटपणा हिमॅटोक्रिट या साध्या चाचणीत दिसतो. गंभीर डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या गळतीमुळे. तरीही रुग्णाच्या नातेवाइकांचं सगळं लक्ष प्लेटलेट्सच्या आकड्यावर असतं, आणि मला ते फार घातक वाटतं.

गळतीतून येणारा शॉक, म्हणजे अवयवांना रक्त अपुरं पडण्याची अवस्था, ओळखायलाही अवघड असतो. मूल शुद्धीवर असतं, विचारलेल्याला उत्तर देतं. रक्तदाबाचा वरचा आकडा १०० म्हणजे ठीकच दिसतो. खालचा मात्र ६५ वरून ८० वर चढलेला असतो. दोन आकड्यांमधलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं, की मुलांमध्ये तो शॉकच समजतात. हातपाय गार लागतात. नख दाबून सोडलं तर लाली परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. शरीराने धमन्या आवळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा कसाबसा टिकवलेला असतो. ते बळ संपलं की वरचा दाबही एकदम कोसळतो, आणि तिथून रुग्णाला परत आणणं फार कठीण होतं.

ही गळती काहींनाच का होते? डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, उरलेल्या तिघांपासून मात्र थोडेच महिने. १९६०च्या दशकात बँकॉकमध्ये डेंग्यूचे संशोधक स्कॉट हॉलस्टेड यांना गंभीर आजारी मुलांचे दोन गट दिसले. एक, दुसऱ्यांदा लागण झालेली मुलं. दुसरा गट कोड्यात टाकणारा होता: पहिल्यांदाच लागण झालेली, वर्षाच्या आतली तान्ही बाळं. दोन्ही गटांत समान काय, तर आधीपासून रक्तात असलेल्या अँटीबॉडीज, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं. मोठ्या मुलांमध्ये त्या जुन्या लागणीच्या, बाळांमध्ये आईकडून आलेल्या. पुरेशा नसलेल्या किंवा नीट न जुळणाऱ्या अँटीबॉडीज विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांच्यामुळे तो पांढऱ्या पेशींमध्ये अधिक सहज शिरतो आणि तिथेच वाढतो.

क्यूबाने याचा जणू पुरावाच दिला. तिथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली आणि ती सौम्य होती. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची आली, तेव्हा ३,४४,२०३ रुग्ण नोंदले गेले आणि १५८ जण दगावले. त्यातली १०१ मुलं होती. पुढे १९९७ मध्ये सँतियागो दे क्यूबा शहरात पुन्हा दुसरा प्रकार पसरला. या वेळी गंभीर रुग्ण जवळजवळ सगळे प्रौढ होते, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या साथीतून गेलेली पिढी. २०१७ मध्ये निकाराग्वातल्या सुमारे आठ हजार मुलांच्या रक्ताच्या अभ्यासातून आणखी नेमकं उत्तर मिळालं. भरपूर अँटीबॉडीज असलेली मुलं सुरक्षित होती. मधल्या एका अरुंद पट्ट्यात पातळी असलेल्यांना मात्र, अँटीबॉडीज नसलेल्यांच्या तुलनेत, गंभीर आजाराचा धोका सुमारे साडेसात पट होता.

हे विसरल्याची किंमत मोठी असते. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्वॅक्सिया ही लस दिली गेली. ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता, त्यांना लशीमुळे पुढच्या लागणीत गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो, हे २०१७च्या अखेरीस लस बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं आणि मोहीम थांबली. लोकांचा इतर लशींवरचा विश्वासही त्यात डळमळला.

वाहिन्या सैल कशा पडतात, याचा एक धागा २०१५ मध्ये हाती आला. एनएस-१ हे विषाणूचं प्रथिन रक्तात मोकळं फिरतं. डेंग्यूच्या सुरुवातीच्या चाचणीत तेच शोधतात. हे प्रथिन एकटंच, विषाणू नसतानाही, वाहिन्यांच्या भिंतीतून गळती घडवू शकतं, हे त्या वर्षीच्या प्रयोगांत दिसलं. भिंतीच्या आतल्या बाजूला शर्करेचा एक नाजूक थर असतो, त्याचीही ते मोडतोड करतं. पण ही सगळी कथा नव्हे. गळती सुरू होते तेव्हा विषाणूची संख्या उतरणीला लागलेली असते, म्हणजे नुकसानात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचाही हात आहे. डेंग्यूवर औषध म्हणून क्लोरोक्विन, स्टेरॉइड, विषाणूरोधक बालापिराविर, सगळ्यांच्या चाचण्या झाल्या. कशाचाच उपयोग दिसला नाही.

तरीही रुग्ण वाचतात, आणि वाचतात ते सलाईनच्या नेमक्या हिशोबावर. व्हिएतनाममध्ये शॉकमध्ये गेलेल्या ५१२ मुलांवर वेगवेगळी सलाईन वापरून अभ्यास झाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फक्त एक मूल दगावलं. मध्यम शॉकसाठी स्वस्तातलं रिंगर लॅक्टेट महागड्या द्रावणांइतकंच कामी आलं. थेंबांचा वेग मात्र तासातासाला बदलावा लागतो. गळती थांबली की झिरपलेलं पाणी आपसूक रक्तात परततं, आणि त्या वेळी सलाईन चालूच ठेवलं तर फुप्फुसांत पाणी भरतं.

आता प्लेटलेट्स. सिंगापूर आणि मलेशियात २०,०००पर्यंत किंवा त्याखाली प्लेटलेट्स उतरलेल्या ३७२ प्रौढांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तस्राव नसताना निव्वळ आकडा पाहून प्लेटलेट्स चढवल्याने रक्तस्राव टळला नाही. उलट अॅलर्जीसारखे त्रास वाढले. रक्तस्राव चालू असेल तर निर्णय वेगळा असतो.

घरी असलेल्या रुग्णाला तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन आणि अॅस्पिरिन टाळायचं, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस त्याच्यावर आधीपेक्षा जास्त लक्ष हवं. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार पडलेले हातपाय, मलूलपणा किंवा उगाच चिडचिड, चार ते सहा तास लघवी न होणं: यांपैकी एकही दिसलं तर प्लेटलेट्सच्या रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.