समितीत बसणाऱ्या विद्यार्थ्याची तयारी : आमच्या नेतृत्व विकास कार्यक्रमाविषयी

हे पत्रक प्राचार्य, विद्यार्थी विकास अधिकारी आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी यांच्यासाठी आहे. ‘विद्यार्थ्यांनो, पालकांनो’ हा भाग विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी आहे. त्याची वेगळी प्रत काढून वर्गात वाटली तरी चालेल.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिचे सदस्य असतात. समितीच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात आणि वार्षिक अंदाजपत्रकही तिच्यापुढेच येतं. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षावर विद्यार्थी प्रतिनिधी घेतला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५ च्या विनियमांनुसार लैंगिक छळाच्या प्रकरणात विद्यार्थी असतील, तर अंतर्गत तक्रार समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी असायला हवेत. म्हणजे विद्यार्थ्यांना जागा कायद्यानेच दिलेली आहे. प्रश्न तिथे बसणाऱ्याच्या तयारीचा आहे.

एकोणीस-वीस वर्षांची मुलगी संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य आणि विभागप्रमुखांच्या शेजारी बसते. अंदाजपत्रकाचे तक्ते तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेले असतात. ‘विद्यार्थ्यांकडून काही सूचना?’ असं विचारल्यावर ती ‘नाही सर’ म्हणते आणि बैठक पुढे सरकते. मुलगी हुशार असते, वर्गात पहिली आलेली असते. पण सूचना कशी मांडायची, कोणत्या कागदाच्या आधारे मांडायची आणि नकार मिळाला तर पुढे काय करायचं, हे तिला कोणी शिकवलेलंच नसतं.

यामागे थोडा इतिहास आहे. राज्यात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. निवडणुकांमध्ये जी भांडणं आणि हाणामाऱ्या होत, त्या पाहिलेल्या प्राध्यापकांना तेव्हा हायसं वाटलं आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्याबरोबर दुसऱ्याला आपलं म्हणणं पटवून देण्याचा सरावही गेला. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, तरी प्रत्यक्षात त्या कॅम्पसवर रुळल्या नाहीत. ही उणीव महाविद्यालयाला आपल्या पातळीवर भरून काढता येते, अशी आमची खात्री आहे आणि आमचा सगळा कार्यक्रम त्यावरच उभा आहे.

कार्यक्रमात नेमकं काय होतं

एका तुकडीत ३० ते ३५ विद्यार्थी, एकूण ६० तास, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीपर्यंत. दिवाळीच्या आधी सत्र परीक्षा असतात, त्या काळात पूर्ण सुट्टी. प्रेरणादायी भाषणं आम्ही ठेवत नाही. दोन तास टाळ्या वाजतात, पण बैठकीतल्या त्या मुलीला त्यातलं काही उपयोगी पडत नाही. आम्ही कामं देतो. ती कामं महाविद्यालयाची खरी कामं असतात, त्यांत खरे पैसे आणि खरी माणसं गुंतलेली असतात.

सुरुवात कार्यवृत्त, म्हणजे बैठकीची लेखी नोंद, लिहिण्यापासून होते. बहुतेकांचं पहिलं कार्यवृत्त असं असतं : ‘पिण्याच्या पाण्याच्या समस्येवर सविस्तर चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.’ आम्ही ते परत देतो आणि विचारतो, कोणती समस्या, कोणत्या मजल्यावर, कोण करणार, कधीपर्यंत? तिसऱ्या-चौथ्या खेपेला वाक्य असं येतं : ‘दुसऱ्या मजल्यावरील कूलरचा फिल्टर बदललेला नाही. द्वितीय वर्ष वाणिज्यच्या दोघी शुक्रवारी कार्यालयात लेखी अर्ज देतील व पोच घेतील. पुढील बैठकीत पहिला विषय हाच.’ इतकं लिहिता आलं की पुढच्या बैठकीत कोणाला काय विचारायचं ते आपोआप कळतं. या एका गोष्टीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो आणि तो कमी करायला कोणी सांगितलं तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

त्यानंतर हिशेब. स्नेहसंमेलनाचा एखादा भाग, मंडप किंवा साउंड किंवा जेवण, तुकडीकडे सोपवायचा अशी आमची महाविद्यालयाला विनंती असते. तीन दरपत्रकं मागवणं, तुलनात्मक तक्ता करणं, उचल घेताना सही कोणाची लागते, पक्कं बिल आणि साधी चिठ्ठी यांत फरक काय, चहावाल्याकडून बिल मिळत नसेल तर व्हाउचर कसं करायचं, हे सगळं विद्यार्थी करतात. कार्यक्रम झाल्यावर ठरलेल्या मुदतीत हिशेब लेखापालांच्या टेबलावर जातो आणि त्याचा गोषवारा सूचनाफलकावर लागतो. आपण गोळा केलेल्या वर्गणीचा हिशेब चारचौघांत मांडताना मुलं जे शिकतात, ते कोणत्याही व्याख्यानात शिकवता येत नाही.

तिसरं काम महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरचं असतं. ग्रामीण आणि निमशहरी महाविद्यालयांत ते बहुतेक वेळा एसटीचं निघतं. विद्यार्थ्यांना मासिक पाससाठी भाड्याच्या ३३.३३ टक्केच रक्कम भरावी लागते, ही सवलत सगळ्यांना माहीत असते. पण शेवटचा तास संपायच्या दहा मिनिटं आधी गाडी सुटत असेल तर पासाचा काय उपयोग? मग तुकडी त्या मार्गावरच्या विद्यार्थ्यांची गावनिहाय यादी करते, वेळापत्रक जोडते, प्राचार्यांचं शिफारसपत्र घेते आणि आगार व्यवस्थापकांना भेटते. कधी गाडीची वेळ बदलते, कधी नाही. नाही म्हटलं तर कारण लेखी मागायचं आणि वर कोणाकडे जायचं ते शोधायचं, हेही शिक्षणच आहे.

आम्ही काही नवीन शोधलेलं नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ मधून मुलांच्या हाती काम व जबाबदारी दिली. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात ज्याने स्वयंपाकाची किंवा भांडाराची जबाबदारी घेतली आहे, त्याला आमचं म्हणणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनाही ठाऊक आहे की पडद्यामागे नेपथ्य आणि वेळ सांभाळणारा मुलगा किती जबाबदार होतो. या सगळ्यांतलं जे हाताला लागतं, ते ज्यांना नाटकाची किंवा शिबिराची संधी मिळत नाही त्यांच्यापर्यंत न्यायचं, एवढंच आम्ही करतो.

मुलांपर्यंत हा कार्यक्रम पोचवायचा कसा

इथे महाविद्यालयाची साथ सगळ्यात मोलाची आहे. फक्त सूचनाफलकावर नोटीस लावली तर दरवर्षीचेच चेहरे येतात : सूत्रसंचालन करणारा, वक्तृत्वात बक्षीस मिळवणारी. त्यांचं स्वागतच आहे, पण तुकडीत निम्मे तरी विद्यार्थी असे हवेत ज्यांनी आजवर कधी माईक हातात घेतलेला नाही. शेवटच्या बाकावरची मुलं, वसतिगृहातल्या मुली, सकाळी दूध घालून किंवा पेपर टाकून वर्गात येणारे.

यासाठी वर्गावर जाणं हाच खात्रीचा मार्ग आहे. तासाच्या शेवटची सात-आठ मिनिटं मागावीत आणि बोलायला मागच्या तुकडीतल्या कोणाला तरी पाठवावं. पहिल्या वर्षी अशी तुकडी नसते, तेव्हा आमचे मार्गदर्शक येतात. व्हॉट्सअॅप गटावरचं रंगीत पोस्टर आम्ही करून देतो, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नये. ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई मामांना जरूर विचारावं. कोणता मुलगा स्वतःहून खुर्च्या लावायला थांबतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. अर्ज एका पानाचा, मराठीत. गुणांची अट नाही. मुलाखतीत आम्ही एकच गोष्ट पाहतो : कॉलेजमधली कोणती अडचण तुला खटकते आणि ती आणखी कोणाकोणाला खटकते?

वेळ शेवटच्या एसटीच्या आधीच संपणारी ठेवावी. संध्याकाळी सहापर्यंत सत्र ठेवलं की गावाकडच्या मुली गळतात, मग तुकडी शहरातल्या मुलांचीच उरते.

श्रेयांक, शुल्क आणि मर्यादा

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक (क्रेडिट). आमचे ६० तास त्या हिशेबाने आखलेले आहेत. मात्र ते सहअभ्यासक्रमात किंवा क्षेत्र प्रकल्पात बसवायचे का, हे विद्यापीठाच्या नियमांनुसार आणि आपल्या शैक्षणिक समितीत ठरतं. श्रेयांकाचं आश्वासन आम्ही देत नाही. हजेरी, कामाच्या नोंदी आणि मूल्यमापनाचे तक्ते मात्र व्यवस्थित लावून देतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या, म्हणजे विद्यार्थी सहाय्याच्या, निकषासाठी ते उपयोगी पडतात.

शुल्क तुकडीमागे घेतो, विद्यार्थ्यामागे नाही, आणि विद्यार्थ्यांकडून थेट एक रुपयाही घेत नाही. निम्मं शुल्क सुरुवातीला, उरलेलं जानेवारीत अहवाल दिल्यावर. कोणत्याही पक्षाचा किंवा संघटनेचा प्रचार सत्रात होत नाही. विद्यार्थ्याने सत्राबाहेर कोणत्या संघटनेत काम करावं, हा त्याचा प्रश्न आहे आणि आम्ही त्यात पडत नाही.

विद्यार्थ्यांनो, पालकांनो

बोलायची भीती वाटते म्हणून अर्ज करायचं टाळू नका. पहिल्या महिन्यात कोणालाही व्यासपीठावर उभं करत नाही. अभ्यासाचं नुकसान होईल का, असं पालक विचारतात. आठवड्याला साधारण अडीच-तीन तास लागतात आणि परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे काहीच काम नसतं. मुलगी उशिरा घरी येईल ही काळजी असेल, तर वेळापत्रक घरच्यांना आधीच लेखी मिळतं आणि बाहेरच्या भेटीला एक प्राध्यापिका नेहमी बरोबर असतात. इंग्रजी यायलाच हवं असं नाही. अर्ज, कार्यवृत्त, हिशेब सगळं मराठीतच होतं.

पहिल्या भेटीआधी

आम्ही येण्यापूर्वी चार गोष्टी तयार ठेवाव्यात : चालू वर्षाचं शैक्षणिक दिनदर्शिकेचं पान, ज्या समित्यांवर विद्यार्थी प्रतिनिधी आहेत त्यांची यादी, मागच्या स्नेहसंमेलनाचा जमाखर्च, आणि या कार्यक्रमासाठी नेमलेल्या दोन प्राध्यापकांची नावं. दोघांपैकी एक कनिष्ठ असावेत, म्हणजे मुलं त्यांच्याशी मोकळी बोलतात. बैठक महाविद्यालयातच होईल, दीड तास पुरेल, आणि या बैठकीला विद्यार्थी परिषदेच्या सचिवांनाही बोलवावं.