नकार आधी की ‘ऑलवेज’ आधी?

ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, नेव्हर ही वारंवारता सांगणारी क्रियाविशेषणं मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, हा शाळेतला नियम बहुतेकांना पाठ असतो. वाक्य नकारार्थी झालं की मात्र गडबड होते. ‘द बस डझन्ट ऑलवेज कम’ म्हणायचं की ‘द बस ऑलवेज डझन्ट कम’? दोन्हीकडे ऑलवेज क्रियापदाच्या आधीच आहे, नियम कुठेच मोडलेला नाही. त्यामुळे क्रम कसाही ठेवला तरी चालतं, अर्थ एकच, असा समज पक्का होऊन बसतो. अर्थ एकच नाही. एका शब्दाच्या बाबतीत मात्र तो जवळजवळ एकच होतो, आणि तो का होतो हे बेरीज-वजाबाकीने दाखवता येतं.

प्रत्येक नकाराला व्याप्ती असते. वाक्यातला किती भाग तो आपल्या कह्यात घेतो, ती त्याची व्याप्ती. इंग्रजीत ढोबळमानाने जो शब्द आधी येतो, तो पुढच्याला कह्यात घेतो. (म्हणी हे बंधन पाळतातच असं नाही. ‘ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड’ हे क्रमाने वाचलं तर चकाकणारं सोनंसुद्धा सोनं नव्हे असं ठरेल!)

आता महिना ३० दिवसांचा आणि दिवसाला एक बस धरू. ऑलवेज म्हणजे ३० पैकी ३०. ‘डझन्ट ऑलवेज कम’मध्ये नकार बाहेर आहे, म्हणजे तो ऑलवेजच्या आधी येऊन त्यालाच कह्यात घेतो, म्हणून एवढंच कळतं की ३० पुरे भरले नाहीत, बस २९ दिवस आलेली असू शकते. ‘ऑलवेज डझन्ट कम’मध्ये नकार आत, म्हणजे ऑलवेजच्या कह्यात आहे. तिथे न येण्याचे दिवस ३०, म्हणजे बस एकदाही आली नाही. हे सांगायला इंग्रजीत नेव्हर हा आयता शब्द आहे, म्हणून दुसरं वाक्य व्याकरणात बसूनही कानाला खटकतं.

समटाइम्सचा हिशेब याच्या उलट. समटाइम्स म्हणजे निदान १ दिवस. ‘समटाइम्स डझन्ट कम’ म्हणजे निदान एक दिवस बस चुकली, आणि हेच तर ‘डझन्ट ऑलवेज’ सांगत होतं. नकार बाहेरून आत ढकलला की ‘सगळे’चं ‘काही’ होतं. हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मला.

ऑफनचा उंबरठा १० दिवसांवर मानू. ‘डझन्ट ऑफन कम’ खरं ठरायला बस १० पेक्षा कमी दिवस यायला हवी. ‘ऑफन डझन्ट कम’ खरं ठरायला ती निदान १० दिवस चुकायला हवी, म्हणजे २० दिवस आली तरी हरकत नाही. बस १५ दिवस आली, तर पहिलं वाक्य खोटं आणि दुसरं खरं. हा फरक पुस्तकं सहसा सांगत नाहीत.

आणि आता माझं लाडकं युज्वली. त्याचा अर्थ निम्म्याहून जास्त, म्हणजे १६ किंवा अधिक दिवस. ‘डझन्ट युज्वली कम’ म्हणजे बस १५ किंवा कमी दिवस आली. ‘युज्वली डझन्ट कम’ म्हणजे ती १६ किंवा जास्त दिवस चुकली, अर्थात १४ किंवा कमी दिवस आली. फरक उरला तो फक्त नेमक्या १५ दिवसांचा. महिना ३१ दिवसांचा घ्या, तोही उरत नाही: पहिल्या वाक्यात बस १५ किंवा कमी दिवस आली, दुसऱ्यात १६ किंवा जास्त दिवस चुकली, म्हणजे पुन्हा १५ किंवा कमी दिवसच आली. नकार बाहेर ठेवा की आत, उत्तर एकच.

याचं मूळ असं. उंबरठा एकूण दिवसांच्या ‘क्ष’ भागावर असेल, तर नकार बाहेर असताना येण्याचं प्रमाण क्षपेक्षा कमी असतं. नकार आत असताना ते १ वजा क्ष इतकं किंवा त्याहून कमी असतं. क्ष निम्मा असेल तरच या दोन सीमा एकमेकींवर येतात. क्ष निम्म्याच्या वर गेला तर आतला नकार जास्त कडक, खाली आला तर बाहेरचा. डिजिटल मंडलांचा अभ्यास केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: विषम आदानांच्या (इनपुटच्या) बहुमत-द्वारात, म्हणजे ० आणि १ पैकी जे जास्त तेच फलित (आउटपुट) देणाऱ्या मंडलात, सगळ्या ० चे १ आणि १ चे ० केले की फलितही नेमकं उलटतं. ‘अँड’ किंवा ‘ऑर’ द्वारात असं होत नाही.

लॉरेन्स हॉर्न या भाषाशास्त्रज्ञाने हाच प्रकार इतर शब्दांतही दाखवला. ‘नॉट लाइकली टु कम’ आणि ‘लाइकली नॉट टु कम’ जवळजवळ एकच. पण ‘नॉट सर्टन’ आणि ‘सर्टन नॉट’ यांत जमीन-अस्मानाचा फरक. लाइकली शक्यतेच्या पट्टीच्या मध्याजवळ आहे, सर्टन टोकाला. हॉर्नचं आणखी एक निरीक्षण मजेदार आहे: ‘नॉट ऑलवेज’साठी इंग्रजीत एकसंध शब्दच नाही. समटाइम्स म्हटलं की ऐकणारा ‘म्हणजे नेहमी नाही’ हे आपसूक ताडतो, मग वेगळा शब्द कशाला, असं त्याचं स्पष्टीकरण.

मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी बसतं, त्यामुळे ‘तो नेहमी येत नाही’मध्ये क्रमावरून काही ठरत नाही, जोर कुठे दिला त्यावर भागतं, किंवा ‘नेहमीच येतो असं नाही’ असं फोडून सांगावं लागतं. ‘कधीच येत नाही’ मात्र शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं तर घात होतो. ‘नेव्हर डझन्ट कम’ म्हणजे न चुकता येतो! आपल्या ‘कधीच’मध्ये नकार नाही, नेव्हरच्या पोटात तो आहे. दोन नकारांचा होकार होतो म्हणून इंग्रजी जास्त तर्कशुद्ध, असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जुन्या इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन नकार सर्रास असत आणि सगळे मिळून अर्थ एकाच नकाराचा होई.

यंत्राला भाषा पूर्ण समजली, या जाहिरातींनाही नकाराने तोंडघशी पाडलं आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अॅलिसन एटिंगर यांच्या अभ्यासात बर्ट या संगणकीय भाषा-मॉडेलला ‘रॉबिन हा ... नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य पूर्ण करायला दिलं, तर त्याच्या वरच्या उत्तरांत ‘पक्षी’ होताच, आणि रॉबिन तर पक्षीच आहे.

राहिला ऑफनचा उंबरठा. तो १० दिवसांवर मी माझ्या सोयीने ठेवला. खरं तर तो विषयागणिक सरकतो. औषधांच्या दुष्परिणामांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत १०० पैकी १ ते १० जणांना होणारा त्रास ‘कॉमन’, म्हणजे वारंवार आढळणारा, गणला जातो. ५ जणांना होणाऱ्या त्रासाबद्दल याच मापाने ‘डझन्ट ऑफन हॅपन’ लिहिलं तर ते खोटं ठरेल. ‘ऑफन डझन्ट हॅपन’ मात्र ९५ जणांच्या बाबतीत खरं आहे.