मॉनिटर चालता चालता बंद पडतो? दुकानात आणण्याआधी हे वाचा

(जुन्या व्हिडिओ गेम मशीनच्या पिक्चर ट्यूबवाल्या मॉनिटरसाठी)

आधी एक विनंती. मॉनिटरच्या मागचे प्रीसेट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायच्या सेटिंग, फिरवून आणू नका.

मॉनिटर बंद पडला की हात स्क्रू ड्रायव्हरकडे जातो, हे आम्हालाही कळतं. पण बंद पडण्याच्या तक्रारीत त्या प्रीसेटचा दोष क्वचितच असतो. बी प्लसचा, म्हणजे मॉनिटरच्या मुख्य डीसी सप्लायचा, प्रीसेट थोडा जास्त फिरला की फ्लायबॅकचं, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं (आपल्याकडच्या भाषेत ईएचटीचं), व्होल्टेज वाढतं. ते मर्यादेबाहेर गेलं की प्रोटेक्शन सर्किट फ्लायबॅकला चालवणारा लाईन ऑसिलेटर थांबवतं आणि मॉनिटर बंद. हॉरिझॉन्टल होल्डच्या, म्हणजे चित्राच्या आडव्या रेषांची फ्रिक्वेन्सी लावणाऱ्या, प्रीसेटचंही तसंच. या मॉनिटरना साधारण १५.७५ किलोहर्ट्झ लागतात. फिरवताना फ्रिक्वेन्सी खाली गेली तर ईएचटी वर चढतो आणि लाईन आउटपुट ट्रान्झिस्टर तापतो. मूळचा दोष एक होता, आता दोन झाले, आणि दोन्हींचं लक्षण एकच! इलेक्ट्रोहोम जी०७ हे मॉडेल असेल तर बी प्लस १२० व्होल्ट हवं हे माहीत असतं, तिथं लावून घेता येतं. लेबल उडालेल्या, सर्किटचा नकाशा नसलेल्या चॅसीला (मॉनिटरच्या सर्किट बोर्डाला) मूळ जागा शोधण्यातच अर्धा दिवस जातो, आणि तो बिलात येतो. आधीच फिरवले असतील तर तसं सरळ सांगा. कुणी रागावणार नाही.

प्रीसेटऐवजी तीन गोष्टी बघून या.

पहिली, आवाज. चित्र जाताना गेमचा आवाजही गेला तर मॉनिटर उचलून आणू नका. दोष बहुधा गेम बोर्डच्या ५ व्होल्ट सप्लायमध्ये किंवा कॅबिनेटच्या वायरिंगमध्ये आहे. आवाज चालू असेल तर गेमकडून येणारा व्हिडिओचा कनेक्टर काढून मॉनिटर नुसता चालवून बघा. तासभर तग धरला तर चॅसीआधी बोर्ड आणि वायर तपासायला हवी.

दुसरी, ट्यूबची मान. अंधार करून मागच्या जाळीतून बघा, हात आत घालू नका. मानेतला हीटर बहुतेक मॉनिटरमध्ये फ्लायबॅकवरच चालतो. चित्र गेलं तरी तो केशरी दिसत राहिला, तर लाईन सेक्शन (फ्लायबॅक आणि त्याला चालवणारा भाग) चालू आहे आणि दोष व्हिडिओच्या बाजूला आहे. काही सेकंदांत तो विझला, तर लाईन सेक्शनच थांबला.

तिसरी आणि आमच्या सगळ्यात कामाची, वेळ. चालू करताच टक् होऊन बंद पडतो, की पंधरा मिनिटांनी? लगेच बंद पडणं म्हणजे जास्त बी प्लस किंवा कुठंतरी शॉर्ट. फ्यूज उडत असेल तर आधी लाईन आउटपुट ट्रान्झिस्टर बघायचा. जाड तार घालून फ्यूज ‘टिकवू’ नका, त्यात फ्यूजऐवजी रेग्युलेटर जळतो. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू, असं असेल तर ड्राय सोल्डर किंवा वाळलेले कन्डेन्सर. फ्लायबॅकच्या पिना, हॉरिझॉन्टल ड्राइव्ह ट्रान्सफॉर्मर आणि कनेक्टरच्या पिना यांच्याभोवती सोल्डरला बारीक गोल तडा जातो. बोर्ड तापून फुगला की तडा उघडतो. कॅबिनेटला बाजूनं हलकी थाप मारल्यावर चित्र लुकलुकलं तर शंका जवळपास मिटलीच.

सोलापुरात याला दोन गोष्टी भर घालतात. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा असताना बंद कॅबिनेटच्या आत काय होत असेल ते सांगायला नको. यंत्रमागाच्या वस्तीत भर म्हणून कापसाची तूस. ती ट्यूबच्या चार्जनं ओढली जाते आणि हीटसिंकवर चादरीसारखी बसते. वर्षातून एकदा ब्लोअरनं साफ करून घ्या. आमच्याकडे हे काम सर्व्हिसिंगमध्येच धरलेलं असतं.

ट्रान्सफॉर्मरबद्दल थोडं सविस्तर. अमेरिकन मॉनिटर १२० व्होल्टच्या आसपास चालतात आणि त्यातल्या अनेकांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. बाजारातला २३० चे ११० करणारा स्वस्त डबा बऱ्याचदा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो. व्होल्टेज बरोबर देतो, पण मेन लाईनपासून वेगळं करत नाही. चॅसी जिवंत राहते, गेम बोर्डच्या अर्थला जोडली की फ्यूजपासून बोर्डापर्यंत काहीही जातं. ओळखायचं कसं? प्लग काढा, मीटर ओहमवर ठेवा, प्लगच्या दोन्ही पिना आणि ११० व्होल्टच्या दोन्ही वायरी यांच्यात रीडिंग बघा. कुठंही जोड दाखवला तर ऑटो. शिवाय लाईट १८० वर घसरली की चित्र कडेनं आकसतं, घरघर करतं आणि मग जातं. अशा वेळी मॉनिटर चांगला, लाईन वाईट. स्टॅबिलायझर घ्या. योग्य आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे मिळतो, मॉनिटरच्या वॅटनुसार निवडून देतो.

“दोन दिवस कशाला ठेवता?” असं विचारलं जातं. गरम झाल्यावरच दिसणारा दोष टेबलावर उघड्या हवेत दिसत नाही. दुरुस्तीनंतर मॉनिटर बंद पेटीत सलग चार तास चालवल्याशिवाय आम्ही देत नाही. कन्डेन्सर १०५ अंशांचेच घालतो. ८५ चे स्वस्त पडतात, पण पुढचे उन्हाळे त्यांना झेपत नाहीत.

आणि प्रोटेक्शन काढून मॉनिटर ‘चालू करून’ मागू नका. ट्यूबच्या ॲनोडवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात. ते आणखी वाढू दिले की क्ष-किरणांचा धोका वाढतो, आणि फ्लायबॅकही जातो. जुना फ्लायबॅक सहज मिळत नाही.

आणताना चॅसी ट्यूबसकट आणा, ट्रान्सफॉर्मरही सोबत. नुसती चॅसी आणली तर आमच्या ट्यूबवर चालवून बघता येते, पण तुमचं योक (ट्यूबच्या मानेवरची कॉइल) वेगळं असलं तर निकाल फसवा येतो. ट्यूब स्वतः काढू नका, प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. शहरात आमचा माणूस येऊन काढून नेतो. तपासणीचे ३५० रुपये, काम आमच्याकडे केलं तर बिलातून वजा.

गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, स्टॉल लावणाऱ्यांनी मशीन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणावं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आणलेलं मशीन गड्डा उठल्यावरच मिळेल.