दापोलीचं संशोधन जगाला दिसतं का?

कोकणात संशोधन काही आजचं नाही. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 ची, दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 चं. हापूसमधला साका (गरात होणारा बिघाड), काजूच्या वेंगुर्ला जाती, खाड्यांमधली मासळी यांवर कितीतरी लिहून झालं. पण ते छापील नियतकालिकांत आणि बांधीव प्रबंधांत राहिलं. ज्याच्या ग्रंथालयात ते येत नसे, त्याच्यापुरतं ते संशोधन झालंच नव्हतं.

संशोधनाचा प्रभाव मोजण्याची पद्धतही आपल्याला प्रतिकूल होती. अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये मांडलेली सायटेशन इंडेक्सची, म्हणजे कोणत्या निबंधाचा संदर्भ (सायटेशन) पुढे कुणी दिला याच्या सूचीची, कल्पना 1964 मध्ये छापील सूचीच्या रूपात आली, पण तीत निवडक नियतकालिकंच होती. नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्यात तयार झालेला ‘रत्ना’ 1981 मध्ये प्रसारित झाला. त्याची कलमं लावणारा बागायतदार कुठे सायटेशन देतो? हा उपयोग कुठल्याच आकड्यात येत नाही, आणि हे मला फार खुपतं.

2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने ओपन अ‍ॅक्सेसला, म्हणजे संशोधन सर्वांना मोफत वाचायला खुलं करण्याला, दिशा दिली. समुद्रविज्ञान संस्थेने आपले निबंध स्वतःच्या डिजिटल भांडारात खुले केले. भारतीय कृषी संशोधन परिषदेचं धोरण 2013 मध्ये आलं: स्वीकृत निबंधाची लेखकाकडची प्रत जास्तीत जास्त बारा महिन्यांत खुली व्हावी. ‘कृषिकोश’ या कृषी संशोधनाच्या डिजिटल भांडारात दापोलीचे प्रबंधही आज वाचता येतात.

खुलं केल्याने सायटेशन वाढतात का? 2018 च्या एका मोठ्या पाहणीत खुल्या निबंधांना सरासरीपेक्षा 18 टक्के जास्त सायटेशन आढळली. पण 2008 मध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निबंध निवडून खुले केले, तेव्हा पहिल्या वर्षात वाचक वाढले, सायटेशन नाही. चांगलं काम लेखक आधी खुलं करतात, हेही वाढीचं एक कारण असू शकतं. म्हणून 18 टक्क्यांच्या आशेवर धोरण आखू नये. वाचक वाढतात, एवढं कारण पुरेसं आहे.

संशोधन माहिती प्रणालींचं काम वेगळं. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राची ‘आयआरआयएनएस’ ही अशी प्रणाली प्राध्यापकांचे निबंध आणि सायटेशन एकत्र दाखवते. ‘डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ’ हे नाव कुणी पूर्ण लिहितं, कुणी आद्याक्षरांत, आणि मग एकाच संस्थेची सायटेशन विखुरतात. ऑर्किड (ORCID) या संशोधकाच्या ओळख क्रमांकाने लेखक तरी नेमका ओळखता येतो.

जानेवारी 2025 पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेमुळे सरकारी संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिकं वाचायला मिळू लागली. देवगडच्या बागायतदाराला मात्र त्यातून काही मिळत नाही. त्याच्यासाठी निबंध खुलाच हवा.