सोलर फुकट, बिल शून्य? जरा थांबा

"सरकार घरावर फुकट सोलर बसवून देतं, बिल कायमचं शून्य" हा मेसेज बऱ्याच वर्षांपासून फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो.

केंद्राच्या घरगुती सोलर योजनेत ('पीएम सूर्यघर') अनुदान मिळतं, पण त्याला मर्यादा आहे: १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा जास्त किलोवॅट बसवले तरी ७८,०००च. तेही पॅनेल बसून तपासणी झाल्यावर खात्यात जमा होतं. काही राज्यं वर आपली भर घालतात. उरलेला खर्च साधारणपणे आपलाच.

आता बिल. इथे कामाला येतं ते नेट मीटरिंग, म्हणजे वीज कंपनीला दिलेली आणि तिच्याकडून घेतलेली वीज यांचा एकत्र हिशोब, आणि माझ्या मते खरा फायदा यातच आहे. अनुदान एकदाच मिळतं, नेट मीटरिंग वर्षानुवर्षं चालतं. १ किलोवॅटमधून दिवसाला साधारण ४ युनिट वीज येते. दुपारी जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री आपण बाहेरून घेतो, आणि दोन्हीची वजावट होते. सोलर असलेल्या शेजाऱ्याचं बिल मागून बघा: आयात युनिट, निर्यात युनिट, आणि खाली स्थिर आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी लागणारी ठरावीक रक्कम. वजावटीनंतर युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार राहतोच.

अर्ज करण्याआधी लिंक नीट वाचा. केंद्र सरकारच्या पोर्टलचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतो. मेसेजमधून आलेलं ॲप मात्र अजिबात उतरवून घेऊ नका.